चौक ठेवा, खोल्या कमी करा

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: कुडाळजवळ सासरचं जुनं घर मोडकळीला आलंय. तिथे सासूबाई आणि दीर-जाऊ राहतात. आम्ही दोघं ४६-४७ वर्षांचे, साठीला निवृत्त होऊन तिकडेच जाणार. आर्किटेक्टने १,८०० चौरस फुटांचं, मध्ये १६ बाय १६ चा उघडा चौक असलेलं घर काढून दिलंय. खर्च ५४ लाख. दीर आठ लाख देतील, आम्ही म्युच्युअल फंडातले ११ लाख काढू आणि ३५ लाख कर्ज घेऊ. हातात येणारं उत्पन्न दोघांचं मिळून महिना १ लाख ६५ हजार, ठाण्याच्या फ्लॅटचा हप्ता २४ हजार, एसआयपी २५ हजार. फंडात एकूण २८ लाख, एफडी ९ लाख. मुलगी अकरावीत. दीर म्हणतात, चौक काढला की सात लाख वाचतात. काढावा का?

ताई, चौक काढू नका. पण हे घर या आकाराचं बांधूही नका.

चौक महाग का पडतो ते आधी बघू. ३० बाय ४० चं सरळ घर १,२०० चौरस फुटांचं, त्याला बाहेरून १४० फूट भिंत लागते. तेवढीच बांधीव जागा ठेवून मध्ये १२ बाय १२ चा चौक घेतला, की घर ३२ बाय ४२ होतं. बाहेरची भिंत १४८ फूट आणि चौकाभोवतीची ४८, मिळून १९६. जागा एक फूटही वाढली नाही आणि भिंत ४० टक्क्यांनी वाढली. तिच्यासोबत पाया, गिलावा आणि छपराची कडही वाढते. दिरांचा आकडा हवेतला नाही, तो या वाढलेल्या भिंतीत आहे.

पण त्यावर उपायही तिथेच आहे. चौकाच्या दोन बाजूंना भिंतीऐवजी खांब घेऊन पडवी ठेवली, तर २४ फूट भिंत वाचते आणि सासूबाईंना बसायला जागा मिळते. तुमच्या आराखड्यात तीन बाजूंना सरकते काचेचे दरवाजे आहेत, ते आधी काढा. पाण्याचं कुंडही काढा, नाहीतर डासांचा कारखाना घरात होईल. तिथे तुळशीवृंदावन ठेवा. शेजारच्या गोव्यात जुन्या घरांच्या राजांगणात, म्हणजे मधल्या चौकात, तेच असतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. चौकामुळे एसीचं बिल वाचून पैसे वसूल होतील, अशा आशेवर तो बांधू नका. कोरड्या प्रदेशात चौकातलं पाणी आणि झाडं हवा गार करतात. कोकणातल्या दमट हवेत तो परिणाम फार थोडा मिळतो. इथे कामी येतो तो वाहता वारा, खोल पागोळ्यांची सावली आणि खोलीला दोन बाजूंनी मिळणारा उजेड. मोठ्या कुटुंबाला रोज एकत्र बसायला जागा मिळते हा खरा फायदा, आणि त्यासाठी चार-पाच लाख खर्च करणं मला योग्य वाटतं. न वापरल्या जाणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या बेडरूमसाठी नाही.

आता पावसाचा हिशेब. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दिवसाला २०० मिलिमीटर पडला, की १२ बाय १२ च्या चौकात थेट सुमारे २,७०० लिटर पाणी येतं. चारही बाजूंच्या छपरांचा पाच-पाच फूट उतार आत आला, तर हेच नऊ हजार लिटर होतं. निचऱ्याचा एकच पाइप असेल आणि तो आंब्याच्या पानांनी तुंबला, तर पाणी माजघरात शिरतं. म्हणून दोन स्वतंत्र पाइप, चौकाची फरशी घरापेक्षा निदान दीड फूट खाली आणि पागोळ्या चार फूट बाहेर. वरून लोखंडी जाळीही लागेल, कारण तुमच्याकडे माकडं कौलांवरून थेट आत उतरतात. लाकडी वाशांऐवजी लोखंडी सांगाडा घ्या, त्याला वाळवी लागत नाही. पावसाळ्यात बंद राहणाऱ्या घराला मी चौक सुचवला नसता. तुमच्याकडे दीर-जाऊ बारा महिने आहेत, म्हणून सुचवते. दरवर्षी मिरगाच्या आधी कौलं बघणं, शेवाळ घासणं, निचरा साफ करणं यासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा आणि तो खर्च फक्त दिरांवर टाकू नका.

कर्जाचं म्हणाल, तर ५४ लाखांत वाढीव खर्चाला जागाच नाही. दहा टक्के धरले तर ५९ होतात आणि वरचे पाच लाख मुलीच्या शिक्षणाच्या पैशांतून जातील. साडेआठ टक्क्यांनी १२ वर्षांसाठी ३५ लाखांचा हप्ता सुमारे ३८,८५० रुपये. फ्लॅटचा धरून ६२,८५०, म्हणजे उत्पन्नाच्या ३८ टक्के. मुलगी कॉलेजला जाईल त्याच वर्षांत एसआयपी बंद पडेल.

त्याऐवजी १,२०० चौरस फूट आणि १२ बाय १२ चा चौक, वाढीव खर्च धरून ४२ लाखांत बसवा. दिरांचे आठ, फंडातले १२, कर्ज २२. हप्ता सुमारे २४,४०० येईल, फ्लॅटसह २९ टक्के. फंडात १६ लाख उरतील. त्यातले मुलीच्या पहिल्या वर्षांचे पैसे आताच शेअर बाजारातून काढून सुरक्षित जागी ठेवा. एफडीला हात लावू नका. फंड एकदम विकू नका. थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये विका, म्हणजे इक्विटी फंडावरच्या दीर्घकालीन नफ्याची सव्वा लाखाची करमाफी दोन आर्थिक वर्षांत मिळेल. आणि कर्जाएवढा टर्म विमा दोघांचाही हवा.

हे सगळं सातबारावर अवलंबून आहे. तुम्ही लिहिता की त्यावर सासूबाई, तुमचे यजमान, दीर आणि दोन नणंदांची नावं आहेत. बँक सगळ्यांच्या सह्या मागेल, आणि बँक नसती तरी मी मागितल्या असत्या. तुमचे ३४ लाख पाच जणांच्या जमिनीवर उभे राहणार आहेत. आधी मोकळेपणाने बसून वाटप किंवा हक्कसोडपत्र करा, नोंदणी करा, फेरफार होऊ द्या. नणंदांना काही द्यायचं असेल तर ते याच अंदाजपत्रकात धरा. बिगरशेतीचा प्रश्नही तलाठ्याकडून याच वेळी समजून घ्या. यात एक वर्ष गेलं तरी चालेल.

काम ऑक्टोबरात सुरू करा, तेही छपरापर्यंतचे पैसे हाताशी असतील तरच. बँक जोता, लिंटेल, छप्पर अशा टप्प्यांनी पैसे सोडते. एखादा टप्पा मे महिन्यात अडकला, तर चिऱ्याच्या उघड्या भिंती चार महिने पावसात भिजतील.

आर्किटेक्टकडून नवं अंदाजपत्रक घ्याल तेव्हा चौकाचा खर्च वेगळा मांडायला सांगा: भिंत, खांब, छपराची कड, निचरा, जाळी, फरशी. तो पाच लाखांच्या वर गेला, तर चौक १० बाय १० करा.