‘स्वेच्छेने नाव काढत आहोत’ या कागदावर सही करण्याआधी

प्रश्न : आम्ही शिकागोजवळच्या उपनगरात राहतो. आमचा चार वर्षांचा मुलगा पब्लिक स्कूलच्या ‘प्रीस्कूल फॉर ऑल’ वर्गात जातो. तो मुलांना ढकलतो, दोनदा चावलाही आहे. घरी आम्ही मराठीच बोलतो, त्यामुळे त्याचं इंग्रजी तोडकंमोडकं आहे. महिनाभर शाळेतून वरचेवर फोन येतो, ‘आज लवकर घेऊन जा.’ परवा प्रिन्सिपलनी एक कागद पुढे केला. त्यावर लिहिलंय की पालक स्वेच्छेने नाव काढत आहेत. ‘हे सस्पेन्शन नाही, पुढच्या वर्षी बघू,’ असं त्या म्हणाल्या. आम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, वाद नको वाटतो. सही करावी का?

उत्तर : ताई, सही करू नका. तुमच्या बाजूने कायदा चांगला भक्कम आहे, पण त्या सहीमुळे त्यातला बराचसा तुम्हीच सोडून दिल्यासारखं होईल.

तुमच्या इलिनॉय राज्यात १ जानेवारी २०१८ पासून पब्लिक ॲक्ट १००-०१०५ हा कायदा लागू आहे. राज्याच्या शिक्षण मंडळाच्या अनुदानावर चालणाऱ्या बालवर्गातून वर्तनाच्या कारणावरून मुलाला काढून टाकायला त्यात बंदी आहे. ‘प्रीस्कूल फॉर ऑल’ त्याच अनुदानावर चालतं. मुलाचं वागणं वारंवार आणि गंभीरपणे त्रासदायक होत असेल, तर शाळेने काय निरीक्षण केलं, कोणते उपाय केले, पालकांना कधी कळवलं आणि निर्णयात कसं सामील करून घेतलं, याची नोंद ठेवायची असते. पालकांच्या संमतीने विकासाची तपासणी करून घेणं, लहान मुलांच्या मानसिक आरोग्याचे सल्लागार बोलावणं, हे मार्गही कायद्याने दाखवून दिलेत. एवढं सगळं करून झालं आणि तरीही दुसरी जागाच मुलाच्या किंवा इतरांच्या हिताची आहे असं कागदोपत्री दिसलं, तरच पालकांच्या परवानगीने दुसऱ्या कार्यक्रमात जाण्याचा आराखडा तयार करता येतो. तिथे दोन्ही ठिकाणच्या लोकांनी मिळून बसायचं असतं. ‘पुढच्या वर्षी बघू’ हा काही आराखडा नाही.

आता शाळा हातात धरेल तो मुद्दा. मुलाला किंवा इतरांना गंभीर धोका असेल, तर त्याला तात्पुरतं वर्गातून बाजूला ठेवायची मुभा याच कायद्यात आहे. चावणं हे शाळेच्या दृष्टीने धोक्यात बसू शकतं, ते मी नाकारणार नाही. पण तसं बाजूला काढलं की वर सांगितलेली सगळी प्रक्रिया सुरू करावी लागते. तुमच्या पत्रात फोन आहेत, कागद एकही नाही. ‘सस्पेन्शन’ हे नाव न देता मूल घरी पाठवत राहायचं आणि शेवटी पालकांकडूनच राजीनामा घ्यायचा, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही. प्रिन्सिपल वाईट आहेत असंही नाही, त्यांच्याकडे मदतीला माणूस नसतो, बाकीच्या पालकांच्या तक्रारी रोज असतात. येल विद्यापीठाच्या वॉल्टर गिलियम यांनी २००५ मध्ये दाखवून दिलं होतं की सरकारी मदतीच्या बालवर्गांतून मुलं काढण्याचं प्रमाण किंडरगार्टन ते बारावीपेक्षा तिपटीहून जास्त आहे, आणि जिथे मानसिक आरोग्याचा सल्लागार शिक्षकांच्या हाताशी असतो तिथे ते कमी असतं. पुढच्या कायद्यांना अशा अभ्यासांचं बळ मिळालं. म्हणून भांडायचं असेल तर सल्लागार मिळावा म्हणून भांडा, शिक्षिकेशी नको.

तुमचा वर्ग हेड स्टार्टच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या लहान मुलांसाठीच्या केंद्र सरकारी (फेडरल) योजनेच्या पैशावरही चालतो का, एवढं जरूर विचारा. बरेच वर्ग दोन्हीकडचे पैसे एकत्र करून चालतात. हेड स्टार्टच्या २०१६ च्या फेडरल नियमांनुसार वर्तनावरून मुलाचं नाव काढता येत नाही, आणि सस्पेन्शन हा शेवटचा उपाय, तोही तात्पुरता.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे भागातल्या पब्लिक स्कूल चालवणाऱ्या संस्थेला, एक लेखी पत्र द्या, ईमेल चालेल, की मुलाचं विशेष शिक्षणासाठी मूल्यमापन करा. तीन वर्षांवरच्या मुलांसाठी हे मोफत करणं डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे. इलिनॉयमध्ये मूल्यमापन करायचं की नाही हे चौदा शालेय दिवसांत कळवावं लागतं, आणि तुम्ही संमती दिल्यावर साठ शालेय दिवसांत काम पूर्ण करावं लागतं. त्या पत्रात स्पष्ट लिहा की घरची भाषा मराठी आहे. चाचण्या शक्य तिथवर मुलाच्या भाषेत आणि त्याला ज्यात नीट व्यक्त होता येईल अशा पद्धतीने व्हाव्यात, असं फेडरल कायदा सांगतो. शब्द सापडत नाही म्हणून हात उचलणारं मूल आणि खरोखर मदतीची गरज असलेलं मूल यांतला फरक इंग्रजी चाचणीत निसटतो. तुमचा मुलगा कदाचित पहिल्या प्रकारातला असेल, पण ते मी इथे बसून ठरवू शकत नाही, आणि प्रिन्सिपलही नाहीत.

या पत्राची तारीख पुढे फार कामाला येते. मूल्यमापन मागितल्यानंतर घडलेल्या प्रसंगांबाबत शाळेला ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणता येत नाही. मग एका शालेय वर्षात दहापेक्षा जास्त दिवस त्याला बाहेर ठेवलं, तर ते वागणं त्याच्या अडचणीतून आलं का, याची बैठक घ्यावी लागू शकते. लवकर घरी पाठवण्याच्या वेळाही नोंदवून ठेवा. फेडरल शिक्षण खात्याच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शनात अशा अनौपचारिक पाठवणीचा मुद्दा स्पष्टपणे घेतलेला आहे.

व्हिसाची भीती समजते, पण शाळेकडे लेखी मागणी करणं किंवा राज्य शिक्षण मंडळाच्या बालशिक्षण विभागाला कळवणं ही इमिग्रेशनची बाब नाही. मुलाच्या हक्कांबद्दल तक्रार केली म्हणून सूड उगवायलाही नागरी हक्कांच्या कायद्यांत मनाई आहे. नवऱ्याने ऑफिसात काही सांगायची गरज नाही.

कागद परत करताना फक्त ‘आम्ही नाव काढत नाही, त्याला शिकवायचंच आहे’ एवढं लिहून, तारीख घालून द्या आणि प्रत ठेवा. आणि पुन्हा लवकर न्यायचा फोन आला तर जाऊन मुलाला घेऊन या, दारात हुज्जत घालू नका. त्याच संध्याकाळी प्रिन्सिपलना ईमेल करा : आज त्याला कोणत्या गंभीर धोक्यामुळे पाठवलं, कोणी ठरवलं, तो वर्गात परत केव्हा येणार आणि त्याच्यासाठी कोणते उपाय सुरू केलेत, हे लेखी कळवावं. मूल्यमापनाचं पत्र मात्र फोनची वाट न पाहता या आठवड्यातच पाठवा.