गेटवर अडवण्याआधी एक पत्र लिहा

कामगार न्यायालयात मी कारखानदारांच्या वतीने उभी राहते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेते आहे.

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. एका ऑपरेटरने सगळ्यांसमोर सुपरवायझरच्या कानाखाली मारली. मी तिथेच सांगितलं, उद्यापासून येऊ नको. आता त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे. चूक त्याची, मग मी का घाबरायचं?

चूक त्याचीच असेल, पण कागदावर ती अजून कुठेच नाही. कागदावर आहे ती फक्त त्याची नोटीस. सुपरवायझरवर हात उचलणं हे गंभीर गैरवर्तन आहे आणि तुमचा संताप मला समजतो. पण आज तावातावाने सांगणारा साक्षीदार दोन वर्षांनी पिंजऱ्यात उभा राहील का? तोवर तो दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो, नाहीतर त्याच ऑपरेटरच्या शेजारी भाड्याने राहत असतो.

म्हणून सुपरवायझरची लेखी तक्रार, बघणाऱ्यांचे जबाब आणि निलंबनाचं पत्र हे त्याच दिवशी व्हायला हवं होतं. त्यानंतर आरोपपत्र, खुलाशाला वेळ, चौकशी अधिकारी, उलटतपासणीची संधी, अहवालाची प्रत आणि शिक्षेआधी पुन्हा कारणे दाखवा नोटीस. निलंबनात पहिले 90 दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यायचा. पुढे विलंब कामगारामुळे नसेल तर 75 टक्के. हा भत्ता कधीच थकवू नका. कॅप्टन पॉल अँथनी खटल्यात (1999) भत्ताच न मिळाल्याने कर्मचारी चौकशीला जाऊ शकला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ती एकतर्फी चौकशी टिकू दिली नाही.

आता तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. चौकशी न करता काढलं असलं, तरी आरोप थेट न्यायालयात सिद्ध करण्याची मुभा मालकाला मागता येते. ती मागणी लेखी कैफियतीतच, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरातच करा, मागाहून आठवून भागत नाही. दुसरी वाट मला जास्त पटते. त्याला कामावर परत घेतल्याचं पत्र द्या, लगेच निलंबित करा आणि रीतसर चौकशी सुरू करा. हा सल्ला मालकांना कमीपणाचा वाटतो, मी रोज पाहते. पण दीपाली सुरवसे खटल्यापासून (2013) बेकायदा काढलेल्याला मागच्या पगारासह कामावर घेणं हा सर्वसाधारण नियम मानला जातो. खटला चार वर्षं चालला, तर एकही नग न काढलेल्या चार वर्षांचा पगार तुमच्या अंगावर येऊ शकतो.

आमच्या असिस्टंट मॅनेजरला 42 हजार पगार आहे. तो स्वतःला ‘कामगार’ म्हणवू शकतो का?

म्हणवू शकतो. न्यायालय हुद्द्याची पाटी पाहत नाही. त्याचा दिवस कशात जातो ते पाहतं. तो रजा मंजूर करतो का? कुणाला मेमो देतो का? दिवसभर बिलंच नोंदवत असेल, तर पगार कितीही असो, तो कामगार ठरू शकतो. नव्या औद्योगिक संबंध संहितेतली 18 हजारांची मर्यादा देखरेखीचं काम करणाऱ्यांपुरतीच आहे.

तीन वर्षांचा बाँड मोडून आमच्याकडे कामाला असलेला मुलगा प्रतिस्पर्ध्याकडे निघाला आहे. त्याची मूळ प्रमाणपत्रं आमच्याकडे आहेत. ती अडवून ठेवू का?

आजच परत करा. नोकरी सोडल्यावर कुठे काम करायचं नाही असं बंधन करार कायद्याच्या कलम 27 पुढे टिकत नाही. नोकरीच्या मुदतीतलं बंधन वेगळं. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनच्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात (1967) ते न्यायालयाने मान्य केलं होतं. बाँडच्या रकमेचंही तसंच : विजया बँकेचा 2 लाखांचा बाँड सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये वैध धरला, कारण नव्या भरतीचा खर्च खरा होता. तुम्ही प्रशिक्षणावर काय खर्च केला, त्याच्या पावत्या शोधा. आणि त्याचा वेतनाचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करा. ही मुदत वेतन संहितेतली आहे आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे.

ऑफिसात आम्ही बारा जण, त्यात दोनच स्त्रिया. लैंगिक छळविरोधी समिती लागते का?

लागते. दहा माणसं झाली की लागते, तक्रार आलेली नसली तरी. ज्येष्ठ स्त्री अध्यक्ष, दुसरी सहकारी, एक पुरुष आणि बाहेरची एक सदस्य, एवढ्यात ती होते. न नेमल्यास 50 हजारांपर्यंत दंड आहे. पण दंडापेक्षा मला त्या दोघींची काळजी वाटते. आपलं म्हणणं कुणाकडे न्यायचं हे त्यांना आज माहीत आहे का, ते आधी विचारा.