ऊसवाल्याची लेक विचारते : चौथं प्रकरण गाळू का?

«आक्का, मी 29 वर्षांची, लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातली. राज्यशास्त्रात पीएच.डी. करते, चौथं वर्ष चालू आहे. पोटापाण्यासाठी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. विषय आहे मराठवाड्यातल्या विधानसभा निवडणुका आणि पाणी. चौथ्या प्रकरणात साखर कारखाने, त्यांचे संचालक आणि गावागावची मतं यांचा संबंध मांडलाय. घरी अडीच एकर ऊस आहे. धाकटा भाऊ जवळच्याच कारखान्यात स्लिपबॉय आहे, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा, तोही हंगामी. परवा एका लग्नात चुलत्यांनी भर पंगतीत काढलं, की आमची पोरगी कारखान्याविरुद्ध पुस्तक लिहायली. आबा तिथं काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, 'खाल्ल्या घरचे वासे मोजायलीस का?' तीन आठवडे झाले, आमच्यात बोलणं नाही. गाईड म्हणतात, तेवढं प्रकरण गाळ आणि डिग्री पदरात पाडून घे. आई म्हणते, एमपीएससी केली असतीस तर हे झालंच नसतं. प्रकरणाची दोन पानं सोबत जोडली आहेत. मी काय करू? — ऊसवाल्याची लेक»

लेकी,

तुझं मूळ पत्र साडेचार पानांचं. त्यातली साडेतीन पानं प्रबंधाची आणि आबांच्या वाट्याला आठ ओळी. सही मात्र त्यांच्यावरून केलीस. म्हणून मीही आबांपासूनच सुरू करते.

प्रकरण गाळू नकोस. पण आत्ता आहे तसं देऊही नकोस. तू जोडलेल्या दोन पानांपैकी दुसऱ्या पानावर, वरून सहाव्या ओळीत, एक वाक्य आहे : 'नगदी पिकाच्या मोहापायी शेतकऱ्याने अवर्षणप्रवण भागातही उसाचे क्षेत्र वाढवले.' मी त्या 'मोहा'भोवती पेन्सिलीने गोल केलाय. खरं सांग, आबांना कधी मोह झालेला पाहिलायस? अडीच एकरांवर दोन लेकरं शिकवणारा माणूस तो. तुझी हॉस्टेलची फी कुठल्या महिन्यात भरली जायची, आठवून बघ. उसाचं पहिलं बिल जमा झालं की. हो ना?

आबांनी प्रबंध वाचलेला नाही, चुलत्यांनीही नाही. तरी वास्यांची म्हण त्यांच्या तोंडी आली, कारण त्या एका शब्दातला सूर त्यांच्यापर्यंत पोचलाय. तो बोलण्यातनंही पोचतो. शिकलेली पोरगी सुट्टीत घरी येते आणि ताटावर बसल्या बसल्या मांजरा नदीच्या खोऱ्यातल्या पाण्याचा हिशेब सांगते, तेव्हा बापाला ऐकू येतं ते एवढंच की माझं चुकलं.

आणि तुझ्या विषयाच्या दृष्टीनेही 'मोह' हे कच्चं काम आहे. उसाला वर्षभर पाणी लागतं, आपल्याकडे पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. हे आबांना तुझ्याआधीपासून माहीत आहे. तरी ते ऊस लावतात. का? 2024-25 च्या हंगामाला केंद्राने एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान भाव, ठरवली टनाला 3,400 रुपये, साखरेच्या सव्वादहा टक्के उताऱ्याला. त्यातून तोडणी-वाहतूक कापून जाते, आणि 14 दिवसांत पैसे द्यायचा 1966 चा आदेश किती पाळला जातो हे गावाला विचार. तरी भाव आधी माहीत असतो, घेणारा ठरलेला असतो. त्याच वर्षी सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 4,892. आडतीवर त्या भावाने किती शेतकऱ्यांचं माप झालं? बहुतेकांचं त्याच्या खालीच गेलं. वर काढणीच्या तोंडावर पाऊस आला तर शेंगांना कोंब. ऊस पाण्यात उभा राहतो, गारपिटीतूनही बराचसा वाचतो आणि सोसायटीचं कर्ज त्याच्यावर मिळतं. ज्याच्याकडे अडीच एकरच आहे त्याने दुसरं काय करायचं, हा प्रश्न तुझ्या दोन पानांत कुठंच नाही. सगळा दोष आबांवर ठेवून तू मोकळी झालीस, आणि ज्या धोरणाने ही गणितं बसवली त्याला साधा चिमटाही काढला नाहीस.

आता या प्रकरणावाचून प्रबंध लंगडा का होईल ते सांगते. तुझ्या पिढीला (आणि पुण्या-मुंबईच्या वार्ताहरांना तर फारच) वाटतं, की दुष्काळ पडला म्हणजे सत्ताधारी पडतात. आपल्याकडचे आकडे असं सरळ बोलत नाहीत. 2018 चा पाऊस गेला, 2019 च्या एप्रिलात लोकसभेचं मतदान झालं तेव्हा बीडकडे जनावरं चारा छावणीत होती, टँकर धावत होते. तरी मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा सत्ताधारी युतीने घेतल्या. 2024 च्या जूनमध्ये त्याच आठपैकी महायुतीला एक मिळाली. जालना, बीड ही नावं आठव. आंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर झालेल्या लाठीमारानंतर गावागावात काय बोललं जात होतं, ते तू स्वतः ऐकलंयस. आणि नोव्हेंबरला, साडेपाच महिन्यांत, विधानसभेच्या 46 जागांमधल्या बहुतेक पुन्हा महायुतीकडे. मध्ये लाडक्या बहिणीचे 1,500 खात्यावर येऊन गेले होते. या सगळ्यात पाणी कुठं आहे? मतपेटीत ते थेट पडत नाही. ते आधी कारखान्यात, सोसायटीत, जिल्हा बँकेत, बाजार समितीत मुरतं. टँकर कुणाचा, ऊस आधी कुणाचा तुटतो, कालव्याची पाळी कधी सोडायची, अशा वाटांनी जाऊन मग ते बूथवर येतं. हा मधला रस्ता तुझ्या चौथ्या प्रकरणात आहे. तो काढलास तर उरेल पावसाचा तक्ता आणि निकालाचा तक्ता, एकमेकांकडे पाठ करून बसलेले.

जाता जाता एक. जायकवाडीचं पाणी वरच्यांनी अडवलं यावर आपण तावातावाने बोलतो, 2005 चा समन्यायी वाटपाचा कायदा आपल्या पोरांना तोंडपाठ असतो, आणि बोलावंच. पण आपल्याच मांजराच्या काठावर वाटप कसं झालं हे विचारलं की एकदम पान लावायची आठवण होते सगळ्यांना. 2016 च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणी 144 कलम लावावं लागलं, एप्रिलात मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आलं. तू तेव्हा बी.ए.ला तिथंच खोली करून होतीस असं लिहिलंयस. दोघी मैत्रिणी एका बादलीत न्हायच्या आणि तेच पाणी संडासला वापरायच्या, हे वाक्य तुझ्या पत्रात आहे, प्रबंधात नाही. प्रस्तावनेत घाल. आणि त्याच्या शेजारी 2025 चा सप्टेंबर ठेव, जेव्हा आपल्याच नद्या घरात आणि वावरात शिरल्या. एकाच खोऱ्यात दोन्ही कसं होतं, यावर पुढची वीस वर्षं काम करता येईल.

आबांशी बोलायचं कसं? माफी मागायला जाऊ नकोस, परवानगी मागायला तर नकोच. प्रश्न विचारायला जा. चार वर्षांत तू पाच तालुक्यांत फिरून शंभरावर मुलाखती घेतल्यास, असं तूच लिहितेस. त्यांत तुझ्या घरची एक नाही. गावात ऊस पहिल्यांदा कुणी लावला, कुठल्या साली? आबांनी पहिली लागण केली तेव्हा विहिरीला पाणी किती परसावर होतं, आता बोअर किती फुटांवर गेलाय? ज्या वर्षी तोड वेळेवर आली नाही त्या वर्षी कुणाच्या दारात जावं लागलं? सकाळी धार काढून झाल्यावर गोठ्यातच बस, मोबाईल रेकॉर्डिंगला लावू नकोस, वही घेऊन जा. पहिले दोन दिवस 'हं'च्या पुढे जाणार नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या चुलत्यांबद्दलच काही सांगतील, असा माझा अंदाज आहे. ज्याची तोड आधी येते तोच पंगतीत कारखान्याची बाजू घेतो, हे मी बऱ्याच गावांत पाहिलंय.

भावाचा प्रश्न मात्र वेगळा आणि जास्त नाजूक. हंगामी नोकरी म्हणजे दोरीवर वाळत घातलेला कपडा. त्याला काहीच होणार नाही, असं खोटं आश्वासन मी देणार नाही. त्याच्याशी आधी, एकटं बोल. प्रकरणातून कारखान्याचं आणि माणसांचं नाव काढ, 'कारखाना अ', 'कारखाना ब' कर. समाजशास्त्रात ही रीतच आहे, त्यात पळपुटेपणा काही नाही. जे मांडायचं ते छापील आणि उघड कागदावर उभं कर : निवडणूक आयोगाचा फॉर्म 20 बूथवार मतं सांगतो, कारखान्याचा वार्षिक अहवाल सभासदांना मिळतो आणि आबा सभासद आहेत. भावाने जेवताना सांगितलेली एकही गोष्ट त्यात नको. एकही नको म्हणजे खरोखर एकही नको, कितीही चटकदार असली तरी.

गाईडचं. ते घाबरट आहेत असं तू लिहिलंयस. असतीलही. मीही एकदा गाळलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची, मी सुकडीच्या रांगेत. पुढे एम.फिल.ला मी रोजगार हमीवर काम केलं. हजेरीपटावरची नावं आणि कामावरची माणसं जुळत नव्हती, ती पाच पानं मार्गदर्शकांनी काढायला लावली. माणूस वाईट नव्हता, त्यांना संस्थेत अजून बारा वर्षं काढायची होती. मी काढली, पदवी मिळाली, नोकरीही लागली. ती पाच पानं अजून ट्रंकेत आहेत, कडा पिवळ्या पडून चुरा व्हायला लागलाय. दरवर्षी ट्रंक आवरते तेव्हा वाचते. चांगली आहेत गं, इतर नव्वद पानांपेक्षा चांगली.

तेव्हा गाईडशी भांडू नकोस, त्यांना आधार दे. नावं काढलेलं, प्रत्येक आकड्याला कागद असलेलं प्रकरण घेऊन आरएसीच्या, म्हणजे संशोधन सल्लागार समितीच्या, पुढच्या बैठकीत मांड. समितीने 'पुढे चालू दे' असं लिहून दिलं की त्यांच्या एकट्याच्या मानेवर जू राहत नाही. आणि एकदा मोकळेपणाने विचार, 'सर, नेमकी भीती कशाची?' कुणी फोन केला होता का, हे तरी कळेल.

आईचं बरोबर आहे आणि नाहीही. तासिका तत्त्वावर नऊ महिने राबायचं आणि उन्हाळ्यात हात हलवत बसायचं, याला करिअर म्हणायला मीही धजणार नाही. कायम जागेचा 'रेट' संस्थाचालकांच्या ओसरीवर कसा ठरतो, हे तुला मी काय सांगू. म्हणून सगळी अंडी एका संस्थेच्या टोपलीत नकोत. प्राध्यापकीची सेट परीक्षा झाली नसेल तर या वर्षी कर. निवडणुकांच्या वेळी मतदानोत्तर सर्वेक्षणं होतात, लोकनीतीसारखे गट त्यासाठी मराठी बोलणारी, गावात दार वाजवू शकणारी मुलं शोधत असतात. पैसे थोडे, शिकायला भरपूर. तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूटचं केंद्र आहे, संभाजीनगरला वाल्मी ही जल-भूमी व्यवस्थापनाची संस्था आहे. पाणी आणि गाव दोन्ही कळणारं माणूस तिथं लागतं. आईला एवढं सांग, की मला दोन वर्षं दे. आणि त्या दोन वर्षांचा खर्च कागदावर मांडून दाखव. आयांना भाषणापेक्षा हिशेब लवकर पटतो.

चुलत्यांना काही सांगायची गरज नाही. पुढच्या पंगतीत त्यांच्याशेजारी बस आणि जिलबी वाढ.

— आक्का

ता. क. दुसऱ्या पानावरच्या तक्त्यात तू 2004 आणि 2009 चे मतदारसंघ शेजारी शेजारी ठेवलेस. 2008 च्या पुनर्रचनेत हद्दी बदलल्या. नाव तेच असलं तरी गावं तीच नाहीत. एकतर 2009 पासून सुरू कर, नाहीतर गाव धरून बूथ जुळव. गाव धरून केलंस तर आबांची मदत होईल. कुठली वाडी कधी कुठल्या गटाला जोडली, त्यांना पाठ असणार.