हर्क्युलेनियमचा 'व्हिला ऑफ द पपायरी' अजून पूर्ण का खणत नाहीत?

हर्क्युलेनियम या इटलीतल्या प्राचीन रोमन शहरातल्या या महालात जुने ग्रंथ सापडले. आत आणखी ग्रंथ पडलेले असू शकतात, मग इटलीवाले थांबलेत कशासाठी, असं तुम्ही विचारलंय. ही तळमळ मलाही आहे, तरी घाई करू नये असंच मला वाटतं.

इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात हा समुद्रकाठचा महाल वीस मीटरहून जास्त खोल गाडला गेला. तापलेली राख आणि वायूंचे लोट एकावर एक येऊन साचले आणि घट्ट होऊन त्यांचा दगड झाला. त्या दगडावर आज एर्कोलानो गाव वसलंय. लोकांची राहती घरं हलवल्याशिवाय तिथे सगळं उघडं करता येणार नाही.

१७५० मध्ये विहीर खणताना संगमरवरी फरशी लागली आणि नेपल्सच्या राजाने भुयारं खोदायला लावली. भिंतींना भगदाडं पाडत ऐंशीहून जास्त पुतळे बाहेर काढले गेले. या कामावरचा स्विस इंजिनियर कार्ल वेबर याचं ऋण मात्र मानायलाच हवं. विषारी वायूंच्या त्या अंधारात त्याने महालाचा इतका नेटका नकाशा काढला, की त्यावरून कॅलिफोर्नियात मालिबूजवळ गेटी संग्रहालयाची इमारत उभी राहिली.

१९९० च्या दशकात थोडा भाग उघडा केला, तेव्हा खाली आणखी मजले आहेत आणि त्यांच्या खिडक्या समुद्राकडे आहेत, हे कळलं. ही जागा भूजलाच्या पातळीखाली आहे, त्यामुळे पंप लावून पाणी सतत उपसावं लागतं. एकदा उघडी पडलेली भिंत पुढे कायमची सांभाळावी लागते. खणण्याचा खर्च एकदाच होतो, सांभाळण्याचा कधीच संपत नाही.

शिवाय तिथे सापडलेले ग्रंथ, म्हणजे पपायरस या कागदासारख्या वस्तूच्या गुंडाळ्या, त्याच अजून वाचून व्हायच्या आहेत! तुकडे धरून त्या सुमारे १८०० नग आहेत, जळून कोळशासारख्या झालेल्या. उलगडायला गेलं की चुरा होतो, म्हणून शेकडो तशाच ठेवल्यात. आता क्ष-किरणांनी स्कॅन करून संगणकावर त्या 'उलगडतात'. २०२३ मध्ये एका न उघडलेल्या गुंडाळीतून 'जांभळा' या अर्थाचा ग्रीक शब्द वाचता आला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच गुंडाळीतली २००० हून जास्त अक्षरं जाहीर झाली. आतापर्यंत वाचलेल्यांत ग्रीक विचारवंत एपिक्युरसच्या पंथातल्या फिलोडेमस या तत्त्वज्ञाचं लेखन बरंच आहे. लॅटिन ग्रंथ मात्र फार थोडे मिळालेत, आणि आणखी लॅटिन ग्रंथ खालच्या मजल्यांवर असतील अशी आशा अनेक अभ्यासकांना आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: आधी हातातल्या गुंडाळ्या वाचाव्यात. खणायचंच झालं तर समुद्राकडच्या बाजूने खालच्या मजल्यांपुरतं खणावं, तेही छप्पर, पंप आणि पुढच्या देखभालीचे पैसे बाजूला काढून ठेवल्यावरच.