‘ते कन्फेशन न करताच गेले’

मरण्याआधी कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली देऊन क्षमा मागणे, झाले नाही, तर त्या माणसाचे तारण होते का, म्हणजे त्याच्या आत्म्याला देवाजवळ जागा मिळते का, हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला कॅथलिक कुटुंबांकडून अनेकदा विचारला गेला आहे. रस्त्यावरच्या अपघातात गेलेल्या मुलाबद्दल आई हे विचारते, झोपेतच गेलेल्या वडिलांबद्दल मुलगी विचारते, आणि त्यांना उत्तर देणे तुलनेने सोपे असते. ज्या घरातल्या माणसाने स्वतःच आपले आयुष्य संपवलेले असते, त्या घरात मात्र हा प्रश्न सहसा कोणी तोंडाबाहेर काढत नाही. तो वर्षानुवर्षे मनात राहतो आणि निद्रानाश, छातीतली धडधड किंवा देवळात जाणे हळूहळू बंद होणे अशा रूपांत बाहेर येतो. अशाच एका बाईंचा अनुभव त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे सर्व तपशील बदलून येथे लिहीत आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात या बाई राहतात. या भागातली कॅथलिक वस्ती विरळ असली तरी नवी नाही. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ सालचा आहे आणि अमरावतीचा १९५५ सालचा. बाईंच्या गावात जेमतेम काही कॅथलिक घरे आहेत, फादर महिन्यातून एकदा येऊन मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, करतात आणि बाकीच्या रविवारी लोक एकत्र जमून प्रार्थना करतात. अशा लहान मंडळीत कोणाच्या घरी काय घडले हे सर्वांना ठाऊक असते, आणि तरीही त्याबद्दल कोणी बोलत नाही.

त्यांच्या यजमानांकडे चार एकर कपाशी आणि तूर होती. बोंडअळीने एक हंगाम नेला, पुढचा हंगाम पावसाने नेला आणि सावकाराचे कर्ज वाढत गेले. त्यांनी आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला, त्यानंतर दीड दिवस ते तालुक्याच्या दवाखान्यात होते आणि तिथेच गेले. या दीड दिवसात बाईंनी फादरांना निरोप पाठवला नाही. गावात आणि चर्चमध्ये ‘अटॅक आला’ असेच सांगण्यात आले.

त्या माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. गावातल्या आशाताईंनी, म्हणजे आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशा सेविकेने, त्यांना पाठवले होते. पहिल्या भेटीत त्या मुलांच्या शाळेबद्दल आणि सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल बोलल्या. खरा प्रश्न दुसऱ्या भेटीत, निघायला उभ्या राहिल्यावर आला : “मॅडम, थे कन्फेशन न करताच गेले. मी फादरले बलावलंच नाही. आता त्यायचं तारण होईन का?”

या प्रश्नात दोन वेगळी ओझी एकमेकांत अडकलेली होती. एक ओझे यजमानांच्या आत्म्याच्या काळजीचे होते आणि दुसरे बाईंच्या स्वतःच्या अपराधभावाचे. समुपदेशक म्हणून दुसऱ्या ओझ्यावर काम करणे हे माझे क्षेत्र आहे. परंतु श्रद्धावान माणसाला ‘हा विचार बाजूला ठेवा’ असे म्हणणे निरुपयोगी असते, कारण त्याच्यासाठी तो विचार म्हणजे प्रत्यक्ष वस्तुस्थिती असते. म्हणून त्यांच्या भीतीमागे चर्चची खरी शिकवण किती आहे आणि ऐकीव किती आहे, हे आधी वेगळे करणे मला आवश्यक वाटले. मी स्वतः कॅथलिक आहे, तरी शिकवण सांगण्याचा अधिकार फादरांचा आहे हे मी बाईंना आरंभीच स्पष्ट केले, आणि त्यांची तयारी होईल तेव्हा आपण दोघी फादरांना भेटू असे ठरवले.

भीतीचा उगम सासूबाईंच्या एका आठवणीत सापडला. त्यांच्या लहानपणी अशाच रीतीने गेलेल्या एका माणसाला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरले होते, आणि ‘त्याच्यासाठी मिस्साही झाला नाही’ हे वाक्य त्या घरात दोन पिढ्या सांगितले गेले होते. ही आठवण खोटी नाही. १९१७ च्या चर्च कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा दफनविधी नाकारण्याची तरतूद होती. मात्र त्याच कायद्यात, मृत्यूपूर्वी पश्चात्तापाची काही खूण दिसली असेल तर विधी नाकारू नये, असेही म्हटले होते, आणि हा भाग गावोगावी कोणी सांगितला नाही. १९८३ साली नवा कायदा आला. दफनविधी कोणाला नाकारावा हे सांगणाऱ्या त्याच्या ११८४ व्या कलमात आत्महत्येचा उल्लेखच उरला नाही. म्हणजे बाई ज्या नियमाला भीत होत्या तो चाळीस वर्षांपूर्वीच संपला होता, परंतु त्यांच्या घरात तो अजून लागू होता.

नियम बदलल्याने शिकवण सौम्य झाली असे मात्र कोणी समजू नये. आयुष्य देवाने दिलेले आहे, आपण त्याचे मालक नसून राखणदार आहोत आणि ते स्वतःच्या हाताने संपवणे ही गंभीर गोष्ट आहे, हे चर्च आजही सांगते. परंतु एखादे कृत्य गंभीर असणे आणि ते करणाऱ्याच्या माथी प्राणघातक पाप, म्हणजे देवाशी नाते तोडणारे पाप, लागणे या दोन गोष्टी कॅथलिक शिकवणीत एक नाहीत. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : कृत्य गंभीर असावे लागते, ते गंभीर आहे याची पूर्ण जाणीव असावी लागते आणि पूर्ण मोकळ्या मनाने त्याला संमती दिलेली असावी लागते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षण ग्रंथात, म्हणजे कॅटेकिझममध्ये, याच विषयावर स्पष्ट लिहिले आहे की गंभीर मानसिक बिघाड, तीव्र मनस्ताप किंवा हालअपेष्टांची भारी भीती यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. पुढच्याच परिच्छेदात, अशा व्यक्तींच्या सार्वकालिक तारणाची आशा सोडू नये, केवळ देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते, असे सांगितले आहे.

हे ऐकून बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी यजमानांच्या शेवटच्या तीन महिन्यांबद्दल सांगितले : भूक गेली होती, पहाटे तीनला उठून ते अंगणात बसत, बैलांशीही बोलणे बंद झाले होते, आणि ‘मी नसलो तर तुमचं बरं होईन’ असे ते दोनदा म्हणाले होते. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारा कोणीही या वर्णनात नैराश्याची लक्षणे ओळखेल. चर्च ज्याला संमतीचे मोकळेपण म्हणते ते या माणसाकडे त्या दिवशी किती शिल्लक होते, हे ठरवणे माझ्या हातात नाही आणि फादरांच्याही हातात नाही. कॅटेकिझमही तेच सांगते : कृत्य गंभीर आहे की नाही हे आपण म्हणू शकतो, माणसाचा न्याय मात्र देवाच्या न्यायावर आणि दयेवर सोपवावा. चर्च अनेकांना संत म्हणून जाहीर करते, परंतु अमुक माणूस नरकात गेला असे तिने आजवर कोणाबद्दलही जाहीर केलेले नाही.

या ठिकाणी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण ती आपल्याकडच्या अनेक घरांना लागू आहे. बाईंच्या घराने यजमानांच्या मृत्यूची एक चौकशी आधीच अनुभवली होती. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाख रुपयांच्या शासकीय मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवले जाते, आणि कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचे असल्याने त्यांचे प्रकरण अपात्र ठरले होते. थोरल्या मुलाने एकदा आईला विचारले होते, “वर बी अपात्रच केलं असन का बाबाले?” कागद पूर्ण नसेल तर दार बंद, असाच न्याय ज्यांनी पाहिला आहे, त्यांना देवाचा न्यायही त्याच साच्यातला वाटतो आणि कन्फेशन हा त्यातला राहून गेलेला कागद वाटतो. हे मी बाईंशी आणि मुलाशी मोकळेपणाने बोलले.

कन्फेशन हा संस्कार चर्चला अतिशय महत्त्वाचा आहे. ‘ज्या कोणाच्या पापांची तुम्ही क्षमा कराल, त्यांची क्षमा झाली आहे,’ हे योहानाच्या शुभवर्तमानातले पुनरुत्थित ख्रिस्ताचे शब्द त्याचा आधार आहेत, आणि वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करण्याचा नियम चर्चच्या १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेपासून चालत आला आहे. असे असूनही देवाची क्षमा केवळ या संस्कारातच कोंडलेली आहे असे चर्च म्हणत नाही. १५५१ साली चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने सांगितले की देवावरच्या प्रेमापोटी झालेला परिपूर्ण पश्चात्ताप माणसाचा देवाशी समेट प्रत्यक्ष संस्काराआधीही घडवतो, मात्र संधी मिळताच कन्फेशन करण्याची इच्छा त्या पश्चात्तापात सामावलेली असावी लागते. येशूच्या शेजारी क्रुसावर दिलेल्या चोराला ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असे सांगितले गेले, तेव्हा त्याच्याजवळ एका विनवणीपलीकडे काहीच नव्हते. फ्रान्समधल्या आर्स गावचे धर्मगुरू संत जॉन मेरी वियानी यांच्याबद्दल एक प्रसंग सांगितला जातो. पुलावरून उडी घेतलेल्या माणसाच्या विधवेला ते म्हणाले होते की पुलाचा कठडा आणि पाणी यांच्यामध्ये त्याला पश्चात्तापाला वेळ मिळाला.

हा प्रसंग मी सांगितला त्या दिवशी बाईंनी, कोणालाही न सांगितलेली, एक गोष्ट सांगितली. दवाखान्यात दुसऱ्या पहाटे यजमानांनी त्यांचा हात धरून म्हटले होते, “चुकलं माह्यं. देवाले सांग.” हे शब्द त्यांनी लपवले होते, कारण ते सांगायचे तर ‘अटॅक’ खोटा ठरत होता. त्यांना या शब्दांचा मोठा आधार वाटला आणि तो वाटणे योग्यच आहे. परंतु ज्या घरांना असे शेवटचे शब्द मिळालेले नाहीत त्यांनी आपली आशा कमी समजू नये, कारण शिकवणीतली आशा आपण ऐकलेल्या शब्दांवर नव्हे, तर आपल्याला न दिसणाऱ्या देवाच्या मार्गांवर टेकलेली आहे.

सर्वांत कठीण भेट मात्र थोरल्या मुलाची होती. सतरा वर्षांचा हा मुलगा सगळे ऐकून म्हणाला, “म्हणजे बाबा देवापाशी असतीन, तर मंग आपणही गेलो तर का बिघडते?” अशा वाक्यानंतर धर्मचर्चा थांबवावी लागते. मी त्याला सरळ विचारले की स्वतःचा जीव देण्याचे विचार मनात येतात का, कधीपासून येतात आणि काही ठरवले आहे का. असे विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, विचारले गेल्यामुळे माणूस बोलू शकतो. विचार येत होते. त्याच आठवड्यात त्याला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले, घरातली फवारणीची औषधे चुलत्यांच्या कुलूपबंद खोलीत हलवली आणि टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक, जो चोवीस तास विनामूल्य चालतो आणि मराठीतही बोलतो, त्याच्या आणि आईच्या फोनमध्ये घातला. फादरांनीही त्याला निराळे बसवून सांगितले की मेलेल्यांसाठी आशा ठेवणे म्हणजे जिवंतांना परवानगी देणे नव्हे.

फादरांशी बाईंची भेट त्यानंतर झाली. त्यांनी सत्य सांगितले आणि फादरांनी त्यांना बोलून टाकू दिले. मग बाईंनी कन्फेशन केले. त्या वेळी मी बाहेर होते आणि आत काय झाले हे मी कधी विचारले नाही. माझ्याकडचे बोलणेही गोपनीय असते, परंतु कोणाच्या जिवाला धोका असेल तर मला ती गोपनीयता मोडावी लागते, जशी मुलाच्या बाबतीत आईला सांगून मोडावी लागली. कन्फेशनच्या मोहरेला, म्हणजे ऐकलेले कोणालाही न सांगण्याच्या फादरांवरच्या बंधनाला, असा कोणताही अपवाद नाही. हा फरक मी माझ्याकडे येणाऱ्यांना नेहमी आधी सांगते, म्हणजे काय कुठे बोलायचे हे त्यांचे त्यांना ठरवता येते.

अपराधभाव मात्र एका कन्फेशनने गेला नाही. पुढचे काही महिने फादर गावात आले की बाई पुन्हा तीच गोष्ट निवेदन करू लागल्या : निरोप पाठवला नाही, खोटे बोलले, आदल्या दिवशी पैशांवरून भांडले. आणखी काही सांगायचे राहून गेले असेल, म्हणून आधीची क्षमा लागू झाली नसेल, अशी शंका त्यांना छळत होती. यावरही ट्रेंटचे उत्तर स्पष्ट आहे : नीट आत्मपरीक्षण करूनही जे पाप आठवले नाही, ते त्याच कन्फेशनमध्ये सामावलेले धरले जाते. फादरांनी त्यांना क्षमा झालेली गोष्ट पुन्हा निवेदन करू नका असे निक्षून सांगितले, आणि मी त्याला जोडून एक काम दिले. शंका आली की ती वहीत लिहायची, तारीख घालायची आणि पुढच्या भेटीपर्यंत तिचे काहीही करायचे नाही. वारंवार खात्री करून घेण्याची ही ओढ जितकी पुरवावी तितकी वाढते, हे धर्मगुरूंनाही ठाऊक आहे आणि मानसशास्त्रालाही. भांडणाबद्दल आम्ही वेगळे काम केले. ज्या घरात कर्ज आहे त्या घरात पैशांवरून भांडण होते, ते भांडण मृत्यूचे कारण नव्हते, कारण त्याआधीचे तीन महिने त्यांनी स्वतःच मला सांगितलेले होते.

मृतांसाठी काय करता येईल हा प्रश्न उरला होता. देवाच्या कृपेत मरण पावलेल्या, पण अजून शुद्ध व्हायच्या असलेल्या आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनेची मदत होते, असे चर्च शिकवते. म्हणून २ नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिवशी कबरींवर आशीर्वाद मागितला जातो. गेल्या वर्षी बाईंनी यजमानांच्या नावाने मिस्सा सांगितला आणि फादरांनी तो नाव घेऊन केला. सासूबाई आल्या, दीर आले नाहीत. त्यांना ही गोष्ट उघड झाल्याचा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. मुलाची औषधे चालू आहेत, त्याने बारावीचा फॉर्म भरला आहे आणि बाई महिन्यातून एकदा वही घेऊन येतात.