न वाचणाऱ्या मुलाच्या हाती ‘द हंगर गेम्स’ कशी द्यावी?

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. अभ्यासाबाहेरचे एकही पुस्तक तो शेवटपर्यंत वाचत नाही. पाच-दहा पाने झाली की ‘यात काही घडतच नाही’ म्हणून बाजूला ठेवतो. ‘द हंगर गेम्स’ ही कादंबरी अशा मुलांना धरून ठेवते, असे ऐकले. मात्र मुलांनी एकमेकांना ठार मारण्याची कथा आपण होऊन त्याच्या हाती द्यावी का, आणि द्यायची तर ‘वाच, वाच’ असे मागे न लागता कशी द्यावी?
– एक पालक

उत्तर : द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘यात काही घडतच नाही’ या तक्रारीला मी वाचनाची नावड म्हणणार नाही. गोष्टीकडून त्याची काही अपेक्षा आहे, एवढाच तिचा अर्थ आहे, आणि ही कादंबरी ती अपेक्षा पहिल्याच प्रकरणात पुरी करते.

सुझान कॉलिन्स यांची ही कादंबरी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी त्या मुलांच्या दूरचित्रवाणी मालिकांसाठी लेखन करीत असत, आणि तो हात येथे जाणवतो : २७ प्रकरणांपैकी बहुतेक अशा ठिकाणी थांबतात की पान उलटल्यावाचून राहवत नाही. संपूर्ण कथा १६ वर्षांची कॅटनिस स्वतःच, वर्तमानकाळात सांगते. ती जगेल की नाही हे तिलाही ठाऊक नसते, त्यामुळे वाचक तिच्या एक पाऊलही पुढे जाऊ शकत नाही.

पुस्तक देताना ‘ही हुकूमशाहीवरची कादंबरी आहे’ असे कृपया सांगू नये. त्याऐवजी त्याच्यापुढे एक हिशेब ठेवावा. दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी या जीवघेण्या खेळासाठी सोडतीने निवडली जाते. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, अशा अठराव्या वर्षापर्यंत सात. घरात खायला नसेल, तर जादा चिठ्ठी टाकून एका माणसाचे वर्षभराचे जेमतेम धान्य आणि तेल मिळवता येते. कॅटनिस स्वतःसाठी, आईसाठी आणि धाकट्या बहिणीसाठी दर वर्षी अशा तीन चिठ्ठ्या टाकत आली आहे, आणि या जादा चिठ्ठ्याही वर्षागणिक साठत जातात. मग सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या किती चिठ्ठ्या असतील? उत्तर २० येते, आणि तिच्या १८ वर्षांच्या मित्राच्या तर ४२. जो उपाशी त्याच्याच नावाची चिठ्ठी निघण्याचा संभव अधिक, हे मुलाला आपले आपण उमगते. त्यावर भाष्य करण्याची गरज उरत नाही.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवावी. प्रत्यक्ष खेळ सुरू होईपर्यंत दहा प्रकरणे जातात, आणि त्यांतील राजधानीतल्या पोशाखांची व मुलाखतींची पाने त्याला लांबलेली वाटू शकतात. ती भराभर चाळली तरी चालेल. पुढे पाण्याचा प्रसंग येतो, तेथे मात्र त्याने सावकाश वाचावे अशी माझी इच्छा आहे. कॅटनिस तहानेने कोसळण्याच्या बेतात आहे; बाहेरून पाणी पाठवू शकणारा तिचा मार्गदर्शक काहीच पाठवत नाही. प्रथम तिला संताप येतो, आणि मग ध्यानात येते की तो पाठवत नाही याचा अर्थ पाणी जवळच असले पाहिजे. न बोललेल्या गोष्टीचा अर्थ लावणे, जे वाचनाचे सर्वांत अवघड अंग आहे, ते येथे मुलगा तिच्याबरोबर नकळत करून जातो.

हिंसेविषयीची आपली काळजी रास्त आहे. १२ ते १८ वयाची २४ मुले रिंगणात उतरतात आणि जगायचे एकानेच असते. लेखिका यातले काही झाकून ठेवत नाही. तरीही मरणाचा येथे तमाशा होत नाही. तमाशा करतात ते राजधानीतले प्रेक्षक, आणि ते पाहून वाचकाला चीड येते. एका लहान मुलीचा मृत्यू मनाला फार लागतो, म्हणून आपण हे पुस्तक आधी किंवा त्याच्या बरोबरीने वाचावे. १२ वर्षांखालील मुलांना मी ते देणार नाही. हळव्या मनाच्या मुलांसाठी लोइस लॉरी यांची १९९३ ची ‘द गिव्हर’ अधिक योग्य. ती आकाराने लहान आहे आणि तिच्यातील भय संथपणे उलगडते.

त्याने २०१२ चा चित्रपट पाहिला असला तरी बिघडत नाही. चित्रपट आपल्याला खेळ चालवणाऱ्यांच्या दालनात नेतो, तर पुस्तकात आपण सतत कॅटनिसच्या मनात असतो. वाचनाचा वेग कमी असल्यामुळे तो कंटाळत असेल, तर ध्वनिपुस्तक लावून पानांवरून नजर फिरवू द्यावी; तेही वाचनच आहे. किती पाने झाली, हे विचारू नये. ‘तिच्या जागी तू काय केले असतेस?’ हा प्रश्न जेवताना सहज निघाला, तर तेवढा पुरेसा आहे. पुढचा भाग, ‘कॅचिंग फायर’, आधीच आणून समोर ठेवू नये. तो त्याने स्वतः मागेपर्यंत थांबावे.