महागडी खेळणी पडून, पोरगा डब्यांत

"ताई, माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. जॉबवरून आल्यावर मला जेमतेम दोन तास मिळतात, त्यातला निम्मा वेळ किचनमध्ये. एवढी एज्युकेशनल खेळणी आणली, तो ढुंकूनही बघत नाही, सतत डबे आणि झाकणं. मैत्रिणीची मुलगी त्याच्याच वयाची, रंग, आकडे सगळं घडाघडा सांगते. नवरा म्हणतो अॅक्टिव्हिटी क्लास लावू. आणि खरं सांगू का, त्याच्याशी खेळायला बसले की मला दहा मिनिटांत कंटाळा येतो. मी वाईट आई आहे का? – एक थकलेली आई"

अगं, आधी ते शेवटचं घेते. तोच डबा उघडायचा, लावायचा, परत उघडायचा, मोठ्या माणसाला यात कंटाळा नाही आला तरच नवल! दहा मिनिटं जमतात ना, मग दहाच मिनिटं बस, पण फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. तासभर अर्धं लक्ष व्हॉट्सअॅपमध्ये घालून बसण्यापेक्षा हे कधीही बरं.

आता डबे. आज नुसतं बघत बस तो काय करतो ते. मोठं झाकण छोट्या डब्यावर ठेवेल, ते घसरेल, मग उलटं करून बघेल, मग वैतागून दुसरं उचलेल. फिरकीचं झाकण असेल तर आधी झाकणाबरोबर अख्खा डबाच गोल फिरतो, आणि मग कधीतरी त्याच्या लक्षात येतं की एका हाताने डबा घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने फिरवायचं. दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामं करणं ही या वयात मोठी गोष्ट आहे बरं का, पुढे शर्टाची बटणं लावताना, कागद धरून चित्र काढताना हेच लागतं. लहान-मोठं, आत-बाहेर, बसतं-बसत नाही हे सगळं तिथेच चाललंय. त्याचं अडलं की आपला हात आपोआप पुढे जातो, तो आवर. तुझ्याकडे बघितलंच तर अर्धीच मदत कर, म्हणजे डबा तू धर, फिरवू दे त्याला. एकट्याला जमत नाही पण थोडा आधार मिळाला की जमतं, अशा मधल्या जागेत मूल शिकतं असं वायगॉट्स्की हा मानसशास्त्रज्ञ म्हणायचा, आणि ती जागा तुझ्या किचनच्या फरशीवरच आहे.

बोलताना मात्र परीक्षा नको घेऊस. "हा कोणता कलर, सांग सांग" याने मुलं गप्प होतात. त्यापेक्षा "अरे, लाल झाकण बसलं की!" एवढंच म्हण, तो जे तोडकंमोडकं बोलेल त्यात एक-दोन शब्द घालून त्याला परत दे. मैत्रिणीच्या मुलीचं कौतुक कर आणि सोडून दे, या वयात सगळे रंग आलेच पाहिजेत असं काही नसतं.

खेळण्यांचं म्हणशील तर चारच बाहेर ठेव, बाकीची वर टाक, काही दिवसांनी बदल. 2018 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात याच वयाच्या मुलांवर अभ्यास झाला होता, समोर 16 ऐवजी 4 खेळणी असली तर मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. बटण दाबलं की गाणारी खेळणी तर मला अजिबात आवडत नाहीत, खेळणंच बडबडायला लागलं की आईबाप गप्प बसतात.

कामात पण घे त्याला. धुतलेल्या मोज्यांचा ढीग समोर टाक आणि जोड्या शोधू दे, तुझं काम डबल वाढेल हे कबूल. आणि हुंदडू दे भरपूर, डब्ल्यूएचओच्या 2019 च्या गाइडलाइन्सप्रमाणे या वयात दिवसभरात मिळून तीन तास तरी हालचाल हवी आणि स्क्रीन जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तमच. फक्त बारकी झाकणं, नाणी, बटण सेल, मॅग्नेट हाताला लागू देऊ नकोस, सगळं तोंडात जातं.

एक मात्र बघ, तो दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील तर "मुलगे उशिराच बोलतात" असं कोणी म्हटलं तरी थांबू नकोस, डॉक्टरांना दाखव. तू लिहिलंयस त्यात तसं काही दिसत नाही, तरी सांगून ठेवते.

क्लास? वाटलं तर लाव, वाईट काही नाही, पण या वयाची मुलं बऱ्याचदा एकमेकांच्या शेजारी बसून आपापलंच खेळतात, तेव्हा तिथे फार काही होईल अशी आशा नको. आणि जाण्यायेण्यात तुमचे तेच दोन तास खर्च होणार असतील तर मी तरी नाही लावणार. नवऱ्याला एवढाच उत्साह असेल तर आठवड्यातून तीन संध्याकाळी त्याने स्वयंपाक बघावा, नाहीतर डब्यांपाशी बसावं, दोन्हीतलं काय ते त्यालाच ठरवू दे.